देशात माणसं मरतात कशानं? दाखल्यावरची सगळ्यात खालची ओळ वाचा

भुदरगड तालुक्यातल्या एका शाळेत शिकवणाऱ्या ताईंनी विचारलंय. नववीच्या वर्गात एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, आपल्या देशात सगळ्यात जास्त माणसं कशानं मरतात?" ताईंच्या तोंडून पटकन "कॅन्सर" निघून गेलं. वर्गाला ते काही पटलं नाही. कुणी अपघात म्हणालं, कुणी हार्ट अटॅक. मागच्या बाकावरचा एकजण "साप" म्हणाला आणि वर्गभर हशा पिकला. गेल्या वर्षात त्यांच्या गावातली चाळिशीतली दोन धडधाकट माणसं बसल्या जागी गेली. ते कोविडच्या लशीमुळं झालं असं गावात बोललं जातंय, त्यात तथ्य किती, हेही त्यांना हवंय. शिवाय माणूस घरीच गेला तर मृत्यूच्या कारणाचा दाखला कुणाकडून घ्यायचा?

ताई, मी ३१ वर्षं फिजिशियन म्हणून काम करतोय, त्यातली पहिली चार पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावात काढली. तुमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. पण वर्गात एका वाक्यात सांगायचं असेल तर सांगा: हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या आजारानं. देशातल्या जन्म-मृत्यूंचा हिशेब ठेवणाऱ्या भारताच्या महानिबंधकांच्या कार्यालयाच्या २०२१ ते २०२३ च्या अहवालात हा वाटा सुमारे ३१ टक्के आहे, म्हणजे दर तीन मृत्यूंमागे जवळपास एक. कॅन्सर सहा-साडेसहा टक्क्यांच्या आसपास. भीती कॅन्सरची जास्त वाटते, कारण तो महिनोन्‌महिने घरात दिसत राहतो. हृदयवाला सकाळी चहा पितो आणि दुपारी नसतो, त्यामुळं भीती वाटायलाही कुणाला सवड मिळत नाही. आणि साप म्हणणाऱ्या मुलाला हसू नका. त्याच्याकडे मी शेवटी येतो.

आधी हे आकडे येतात कुठून ते सांगतो, कारण तिथंच खरी गोम आहे.

दवाखान्यात माणूस गेला की डॉक्टर 'नमुना ४' भरतात. घरी गेला आणि आजारपणात कुणी डॉक्टर बघत होते, तर ते 'नमुना ४-अ' भरतात. कागद साधाच. त्यात एकाखाली एक ओळी असतात: अ, ब, क. पहिल्या ओळीत मृत्यूचं लगेचचं कारण. त्याखाली, ते कशामुळं झालं. त्याखाली, तेही कशामुळं. उदाहरण देतो. अ: रक्तात जंतुसंसर्ग पसरला. ब: पायाची जखम चिघळून गँगरीन. क: मधुमेह, १५ वर्षं. देशाच्या हिशेबात हा माणूस जंतुसंसर्गाच्या खात्यावर जात नाही, मधुमेहाच्या खात्यावर जातो. मोजली जाते ती सगळ्यात खालची ओळ.

मी नवीन होतो तेव्हा एका ऊसकऱ्याच्या मरणाचा असाच कागद माझ्याकडे आला. वय ५६. रात्री जेवण झालं, छातीत कळ आली आणि पहाटेच्या आत संपलं. मुलगा समोर खाली मान घालून बसलेला. मी घाईघाईत पहिल्या ओळीत "हृदयक्रिया बंद पडून" असं लिहिलं आणि खालच्या ओळी कोऱ्या सोडल्या. पुढं माझ्या एका ज्येष्ठ सरांच्या हाती तो कागद पडला. ते म्हणाले, "अरे, रंकाळ्यात बुडालेल्याचं हृदय चालू राहतं होय? साप चावलेल्याचं राहतं? हृदय बंद पडणं म्हणजेच मरण. ते कशानं बंद पडलं, ते लिही." त्या माणसाला नऊ वर्षं रक्तदाब होता. गोळी चालू होती ती मधल्या काळात कुणाच्या तरी सांगण्यावरून बंद केलेली. रोज दोन पुड्या तंबाखू. यातलं एक अक्षर माझ्या कागदावर नव्हतं. असे कोऱ्या ओळींचे दाखले आजही लिहिले जातात. ते शेवटी "कारण नीट कळलं नाही" या ढिगाऱ्यात जातात आणि सरकारला वाटतं, चला, काही विशेष नाही.

त्यातही गंमत म्हणजे देशात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरनं कारण लिहून दिलेले मृत्यू जेमतेम २२-२३ टक्के. उरलेल्यांचं कारण कळणार कसं? त्यासाठी महानिबंधकांची एक वेगळी पद्धत आहे. देशभरातली ठरावीक गावं आणि वॉर्ड नमुना म्हणून निवडलेले असतात. तिथं मृत्यू झाला की प्रशिक्षित माणूस घरी जातो आणि घरच्यांना खोदून खोदून विचारतो: ताप किती दिवस होता, दम लागत होता का, पाय सुजले होते का, छातीतली कळ हातात उतरत होती का. ते सगळं लिहिलं जातं आणि दोन डॉक्टर एकमेकांना न विचारता त्यावरून कारण ठरवतात. मेलेल्या माणसाची तपासणी त्याच्या सुनेच्या आठवणीतून करायची, अशी ही रीत. तिच्यात चुका होतात, पण तिच्याशिवाय खेड्यातला मृत्यू दिसलाच नसता.

आता मुलांना एक चित्र दाखवा. १९९० साली देशातल्या शंभर मृत्यूंपैकी सुमारे ३८ असंसर्गजन्य आजारांचे होते, म्हणजे हृदय, लकवा, दमा, कॅन्सर, मधुमेह वगैरे. २०१६ साली ते ६२ झाले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं इतर संस्थांसोबत राज्यवार केलेल्या मोजणीतले हे आकडे आहेत. जुलाब, गोवर, धनुर्वात, बाळंतपणातलं मरण हे मागं हटलं. १९७१ साली हजार बाळांमागं १२९ बाळं वर्षाची व्हायच्या आत दगावत होती, २०२० साली २८. माझी आजी तिच्या सासूकडून ऐकलेल्या प्लेगाच्या गोष्टी सांगायची. उंदीर पडायला लागले की गाव ओस टाकून माणसं माळावर खोपटी घालून राहायची. स्वातंत्र्याच्या वेळी सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं, आता ते सत्तरीला टेकलंय. माणूस जगायला लागला म्हणून हृदयविकारापर्यंत पोचला, असंही म्हणता येईल.

पण हे अर्धंच खरं आहे, आणि डॉक्टर मंडळीही त्यामागं लपतात. २००४ साली ५२ देशांतल्या रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी येतो असं दिसलं, इतरत्र तो ५८-५९ ला येतो. म्हणजे आपल्याकडं तो म्हातारपणाचा आजार नाही. तो पोरीच्या लग्नाच्या आणि सोसायटीच्या कर्जाच्या वयात येतो. त्याच अभ्यासात असंही दिसलं की तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातली चरबी, पोटाचा घेर, ताण, भाजी-फळं न खाणं, हालचाल नसणं आणि दारू अशा मोजक्या नऊ गोष्टींत ९० टक्के अटॅकचं उत्तर सापडतं. नशीब, ग्रहमान किंवा पाण्याचा दोष उरलेल्या दहात शोधायचा.

तुमच्या गावातल्या दोघांबद्दल. लशीची शंका मला रोज कुणी ना कुणी विचारतं. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं १८ ते ४५ वयाच्या, वरवर निरोगी पण अचानक मेलेल्या लोकांचा ४७ रुग्णालयांत अभ्यास केला. तो २०२३ साली आला. लशीमुळं अशा मरणाचा धोका वाढल्याचं दिसलं नाही, उलट दोन डोस घेतलेल्यांत तो कमी दिसला. वाढलेला दिसला तो यांच्यात: कोविडमुळं दवाखान्यात राहिलेले, घरात आधी कुणी असंच अचानक गेलेले, मरणाआधीच्या दोन दिवसांत भरपूर दारू प्यायलेले, नशा केलेले किंवा जबर श्रम केलेले. यातला "घरात आधी कुणी गेलंय का" हा प्रश्न मी आता चाळिशीच्या प्रत्येक माणसाला विचारतो. उत्तर बहुतेक वेळा "चुलते गेले, पण ते गॅसनं" असं असतं.

या गॅसवर मी एक अख्खा ग्रंथ लिहीन. कागलकडचा ४६ वर्षांचा ट्रॅक्टर ड्रायव्हर. गळिताचा हंगाम, रात्रभर खेपा. पहाटे छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायला लागलं, घाम फुटला, डावा खांदा भरून आला. "गॅस धरलाय, दुसरं काय न्हाई" म्हणत त्यानं टपरीवर सोडा प्यायला. ढेकर आली, बरं वाटलं. मग आणखी एक खेप. साडेनऊला त्याचा भाऊ त्याला मोटारसायकलवर मध्ये धरून घेऊन आला, मागं एक जण टेकू द्यायला बसलेला. ईसीजी काढला तेव्हा पाच तास उलटून गेले होते. तो वाचला. पण हृदयाचा जो भाग मेला तो मेला. आता दोन जिने चढला की दम लागतो आणि ट्रॅक्टर दुसऱ्याला चालवायला दिलाय. हृदयाची रक्तवाहिनी तुंबवणारी गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या तासा-दोन तासांत मिळालं तर जे काम करतं, ते पाच तासांनी करत नाही. ताई, मुलांना एवढं पाठ करून घ्या: चाळिशी ओलांडलेल्या माणसाला छातीत दाबल्यासारखं होऊन घाम आला, तर तो ईसीजी काढून हृदय नीट असल्याचं दिसेपर्यंत गॅस नव्हे. १०८ ला फोन. मोटारसायकल नको. आणि चंदगडच्या माणसानं कोल्हापूरचा हट्ट धरू नये, त्याला बेळगाव जवळ आहे.

इथं जेवणाचा विषय काढल्याशिवाय कोल्हापूरचा माणूस पुढं जाऊ देत नाही. पुण्या-मुंबईचे पाहुणे म्हणतात, तुमचं तिखट हृदयाला वाईट. तिखटानं पोटात आग पडेल, पण रक्तदाब चढवतं ते मीठ. ते रश्श्यात असतं तेवढंच पापडात, लोणच्यात, खर्ड्यात, फरसाणात आणि वरून शिंपडलेल्या चिमटीत असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक छोटा चमचा म्हणते. आपण जवळपास दुप्पट खातो. मी पेशंटना पांढरा रस्सा सोडा म्हणत नाही, कारण ते ऐकणार नाहीत हे मला माहीत आहे. ताटात वाढलेलं मीठ आधी उचला, एवढंच सांगतो.

मुळात या सगळ्याच्या मुळाशी कोण बसलंय असं विचाराल, तर मी रक्तदाब म्हणेन. तो कागदावर फार क्वचित येतो. माणूस लकव्यानं गेला की हिशेबात लकवा मांडला जातो आणि वीस वर्षं शांतपणे शिरा खराब करणारा रक्तदाब निर्दोष सुटतो. देशात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत प्रौढांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना रक्तदाब निघाला. त्याला ना कळ, ना खोकला, ना ताप. "मला काहीच होत नाही, मग गोळी कशाला?" हा प्रश्न मला रोज येतो. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा: "एकदा सुरू केली की आयुष्यभर घ्यावी लागते म्हणे." होय, बहुतेकांना घ्यावी लागते. चष्माही आयुष्यभर लागतो, पण त्याबद्दल कुणी डॉक्टरशी भांडत नाही. वरचा आकडा नुसता १० नं खाली आला तरी लकव्याचा धोका साधारण पाव हिश्शानं कमी होतो. ही गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते, बाहेर घेतली तरी दिवसाला एका चहापेक्षा स्वस्त पडते.

लकव्याला आपल्याकडं "अंगावरून वारं गेलं" म्हणतात. शब्द सुंदर आहे, पण त्यानं घात केलाय. वारं म्हटलं की माणसं देवऋष्याकडं किंवा पाला देणाऱ्याकडं नेतात. वारं नसतंच, मेंदूकडं जाणारी रक्तवाहिनी तुंबलेली किंवा फुटलेली असते. तुंबली असेल तर गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून ती फुटलेली नाही ना, हे बघावं लागतं. तोंड वाकडं झालं, एक हात वर राहीना, बोलणं बोबडं झालं, तर घड्याळ बघा आणि निघा. किती वाजता सुरू झालं, हा मी विचारणार तो पहिला प्रश्न.

दम्याबद्दल बोलायचं तर खेड्यात दम लागणाऱ्या प्रत्येकाला "दमा" म्हणतात. देशात माणसं मारणाऱ्या आजारांच्या यादीत वर बसलेला जो आहे तो फुप्फुसांच्या नळ्या कायमच्या आकसून जाण्याचा, आणि तो धुरानं होतो. बिडीनं होतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण माझ्याकडं साठीच्या बायका येतात, ज्यांनी आयुष्यात बिडीला हात लावलेला नसतो, आणि छाती मात्र चाळीस वर्षं बिडी ओढणाऱ्याची. विचारलं की कळतं: चुलीवर तीस वर्षं भाकऱ्या, पावसाळ्यात ओल्या शेणी आणि फुंकणीनं फुंकणं. गुऱ्हाळात चुलाण्यापुढं बसणाऱ्यांचंही तेच. २०१६ नंतर गॅसची जोडणी घरोघरी आली खरी, पण सिलिंडर संपला की चूल पेटते, आणि आंघोळीचं पाणी तर बऱ्याच घरांत आजही चुलीवरच तापतं. ऊस तुटल्यावर पाचट पेटवतात तेव्हा आठवडाभर माझ्याकडं दम्याचा पंप संपलेल्यांची रांग असते.

कॅन्सरवर मी थोडक्यात सांगतो. तुमचं उत्तर चुकीचं असलं तरी भीती वाया जाणार नाही. पुरुषांत तोंडाचा, बायकांत स्तनाचा, हे दोन आपल्याकडं पुढं आहेत. तोंडाच्या कॅन्सरचं कारण शोधायला लांब जायला नको. निपाणी इथून हाकेवर आहे, आणि तंबाखूनं या भागाचं पोट भरलंय हेही खरं. बायकांची मिश्री तर आपण तंबाखूत धरतच नाही. तव्यावर तंबाखू करपवून, चुरून, सकाळी तर्जनीनं दातांवर चोळत अर्धा तास अंगणात बसायचं. विचारलं तर म्हणतात, "मी कसलंच व्यसन करत न्हाई, फकस्त मिश्री लावते." गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती कुठल्या टपरीवर पाळली जाते ते तुमचे विद्यार्थी माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मुलांना आरशासमोर तोंड उघडून तीन बोटं उभी बसतात का बघायला लावा. बसत नसतील तर गुटख्यानं गालाची आतली बाजू आक्रसायला लागली आहे. आणि नववीतल्या मुलींच्या आयांना सांगा की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस याच वयात सगळ्यात जास्त उपयोगी असते.

संसर्गजन्य आजार संपले असं मात्र समजू नका. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर बेडका तपासा. सहा महिन्यांचं औषध आणि आहारासाठी महिन्याला हजार रुपये, दोन्ही सरकारकडून मिळतं. पंचगंगेच्या काठानं राहणाऱ्याला पाण्याचं वेगळं सांगायची गरज नाही. २०१२ साली इचलकरंजीतली काविळीची साथ ज्यांनी बघितली त्यांना गढूळ नळाची आठवण अजून आहे. भाताच्या चिखलात अनवाणी उतरणाऱ्याला ताप आला, डोळे लाल झाले, पोटऱ्या ठणकल्या, तर मी आधी लेप्टोचा, म्हणजे उंदराच्या लघवीनं दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाचा विचार करतो.

आता तुमच्या वर्गाच्या वयाकडं. तिशीच्या आत हृदयविकार पहिला नाही. १५ ते २९ या वयात आत्महत्या आणि रस्ता हे दोघे पुढं आहेत. २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार माणसं गेली आणि त्याच वर्षी १ लाख ७० हजार आत्महत्यांची नोंद झाली. रस्त्याचं आपल्याकडचं रूप मी दर हिवाळ्यात बघतो: उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि अंधारात त्यांच्यावर येऊन धडकणारा दुचाकीवरचा पोरगा, हेल्मेट हँडलला अडकवलेलं. साखर कारखान्यांनी हंगामाआधी प्रत्येक ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावल्याशिवाय काट्यावर घ्यायचं नाही असं ठरवलं, तर माझी डिसेंबरातली निम्मी रात्रपाळी वाचेल. आत्महत्येबद्दल वर्गात बोलताना जपून बोला, पण बोला. गप्प झालेला, वस्तू वाटून टाकणारा, "मी नसलो तरी काय फरक पडतो" म्हणणारा मुलगा दिसला तर त्याला बाजूला घेऊन थेट विचारा. विचारल्यानं डोक्यात कल्पना येते हा गैरसमज आहे. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवा, तिथं मराठीत बोलता येतं.

आणि आता साप. हसणाऱ्यांना सांगा की २००० ते २०१९ या वर्षांत भारतात सर्पदंशानं दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं गेली असा अंदाज आहे. तोही घरोघरी जाऊन विचारण्याच्या त्याच पद्धतीतून निघाला. सरकारी दवाखान्यांच्या नोंदींत त्या काळी वर्षाला हजार-दीड हजारच दिसायचे. उरलेली माणसं कुठं गेली? ती दवाखान्यात आलीच नाहीत. मांत्रिकाकडं गेली, वाटेत गेली, बांधावरच गेली. आपल्या भागात शेतीच्या मोटारीला वीज बऱ्याचदा रात्री असते, म्हणून शेतकरी रात्री अकराला उसाला पाणी पाजायला जातो, पायात स्लीपर आणि हातात मोबाइलचा उजेड. घोणस सरीत पडलेली असते. ज्या आजाराचा रुग्ण दवाखान्यापर्यंत येत नाही, तो आकड्यांत नसतो. मागच्या बाकावरच्या त्या पोरानं बहुतेक घरी काहीतरी बघितलं असणार. चावल्यावर घट्ट आवळपट्टी नको, चिरा नको, चोखणं नको. पाय हलवू न देता थेट जिथं प्रतिविष आहे त्या ग्रामीण रुग्णालयात.

आजारपणाचा हिशेब मरणाच्या हिशेबापेक्षा निराळा असतो, हेही मुलांच्या कानावर घाला. सगळ्यात जास्त वर्षं वाया घालवणाऱ्या गोष्टी माणसाला मारत नाहीत: कंबरदुखी, डोकेदुखी, रक्तक्षय, मनाचे आजार, न दिसणारे डोळे, न ऐकू येणारे कान. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. तुमच्या वर्गात प्रार्थनेला चक्कर येऊन पडणारी मुलगी बहुतेक याच हिशेबातली आहे. तिला "सकाळी खाऊन येत जा" म्हणून सोडू नका, हिमोग्लोबिन तपासायला पाठवा.

मधुमेहाचं राहिलं. देशात सुमारे १० कोटी लोकांना तो आहे आणि आणखी १३-१४ कोटी उंबऱ्यावर उभे आहेत. खेड्यातला मधुमेही डॉक्टरकडं साखरेसाठी येत नाही, बोट काळं पडल्यावर येतो. पायाची आग होते म्हणून चप्पल काढतो, मग काटा लागलेला कळत नाही. चप्पल घरातही घाला, एवढं जरी त्यानं ऐकलं तरी पुष्कळ.

शेवटचा प्रश्न दाखल्याचा. माणूस घरी गेला आणि शेवटच्या आजारात एखादे डॉक्टर त्याला बघत होते, तर 'नमुना ४-अ' त्यांनीच द्यायचा, आणि त्यासाठी पैसे घ्यायचे नाहीत, तसा कायदाच आहे. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत करा. उशीर झाला की दंड आणि परवानग्यांचा ससेमिरा लागतो. विमा आहे म्हणून "हार्ट अटॅकच लिहा" असा आग्रह घरचे धरतात, किंवा आत्महत्या आणि विषाचं काहीच लिहू नका म्हणतात. माझ्यावर दोन्ही वेळा आल्यात. संशयास्पद मरण असेल तर डॉक्टर दाखला देऊ शकत नाही, पोलिसांना कळवावंच लागतं. बाकी सगळ्या वेळी डॉक्टरना जुन्या फायली दाखवा, किती वर्षं काय होतं आणि कुठल्या गोळ्या बंद केल्या ते सांगा, आणि सही व्हायच्या आधी खालच्या ओळी भरल्यात का ते बघून घ्या.